मधली शेपटी डावीकडे

कोळ्यांच्या हॉक्सनेस गावात आता घरोघरी ओव्हन आहेत. कुणाचं भांडं कुणाकडे जाईल ही भीती उरलेली नाही. तरी म्हातारी हेस्टर हेरिंग मासे गुंडाळून भांड्यात लावते तेव्हा शेपट्या उभ्या ठेवते आणि मधली एक डावीकडे मुडपते. ती खूण ओळखणारं आता कुणी नाही, हे तिला ठाऊक आहे.

व्हिनेगरात मुरवून भाजायच्या या प्रकाराला गावात 'साउस' म्हणतात. शब्द जुना. शाळेतले मास्तर सांगायचे, मूळ अर्थ नुसतं खारं पाणी. फ्रान्समार्गे इकडे आला, आधी डुकराच्या पायाकानांना चिकटला, मग माशांना. मीठ मागे पडून व्हिनेगर आलं तरी शब्द हलला नाही. लाटेखाली नखशिखांत भिजलेला माणूस साउस झालेला, आणि शनिवारी ढोसून तर्र झालेलाही साउसच. कोळ्यांचं एवढ्या एका शब्दात सगळं भागत होतं.

हेस्टर खाणकामगाराची मुलगी. रॉबशी लग्न करून आली तेव्हा सासूने, इझबेलने, पहिल्याच आठवड्यात सुनावलं, "अंगावर कधी लाट घेतली नाहीस, तुझ्या हातचं काय साउस होणार?"

तेव्हा पाव निघाले की सगळ्या घरांची भांडी बेकरीच्या निवत्या भट्टीत जायची. कुठलं कुणाचं ते शेपट्यांवरून कळायचं. प्रत्येक घराची मुडपायची तऱ्हा वेगळी. हेस्टरने मासे साफ करावेत, कांदा चिरावा, जावित्री-मिरी टाकावी. खूण मात्र सासूच करणार, तिला हात लावायचा नाही. सासूने कधी आजारपणात अंथरूण धरलं की ती बिचारी शेपट्या आत दडपून भांडं न्यायची. बेकरीवाला कथबर्ट विचारायचा, "हे बेवारशी भांडं तुझंच ना गं?" ती हसून हो म्हणायची आणि घरी येईपर्यंत डोळे पुसत राहायची. आपल्याला या घरचं धरावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते मागायची सोय नव्हती.

पुढे इझबेलची दृष्टी गेली. एका सकाळी हेस्टर नेहमीसारखी शेपट्या दडपत होती. चुलीपाशी बसलेली सासू म्हणाली, "आण ते इकडे."

तिने वास घेतला. जावित्री जास्त झाल्याचं ऐकवलं. मग चाचपत एकेक शेपटी बाहेर ओढून उभी केली. शेवटी हेस्टरचं बोट धरलं आणि त्या बोटानेच मधली शेपटी डावीकडे वळवली.

"अशी. नीट लक्षात ठेव पोरी. मी गेल्यावर आपलं भांडं लोकांच्या घरी जायला नको."

हेस्टर भांडं घेऊन जवळजवळ धावतच बेकरीकडे निघाली. व्हिनेगर हिंदकळून तिचा एप्रन चिंब, अगदी साउस झाला, आणि तिने तो पुसला नाही.