उलथण्यावरचा जीपीएस

आमच्या घरचं थालीपीठ उलटायचं लोखंडी उलथणं एकदा थेट उपग्रहांच्या सेवेत रुजू झालं होतं. ही नेमणूक मीच केली होती.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या हिवाळ्यातली. तेव्हा आम्ही रेडमंडला राहत होतो. मी, बायको मेधा आणि नऊ वर्षांची सई. आठवडाभर क्युबिकलमध्ये बसून माझा पाय आपोआप हलायला लागायचा, इतका की पलीकडच्या माणसाचा मॉनिटर थरथरायचा. त्यावर उपाय म्हणून मी एक सेकंडहँड स्नोमोबिल घेतली. (बर्फावरची मोटरसायकल समजा. पुढे दोन स्की, मागे पट्टा आणि बसणाऱ्याच्या कानात वारं!) खरं सांगतो, त्या मशीनवर बसलं की पाय हलायचा थांबायचा. शनिवारच्या त्या चार तासांवर मी बाकीचा आठवडा ढकलायचो.

पण आदल्या हिवाळ्यात एक घोळ झाला होता. मेधाला मागे बसवून मी ऐटीत निघालो, रस्ता चुकलो, आणि दुसऱ्या मशीनच्या खुणा धरून धरून थेट एका म्हाताऱ्या जोडप्याच्या परसदारात पोहोचलो. आजीबाईंनी आम्हाला गरम कोको पाजला आणि आजोबांनी पिकअपमधून पार्किंगपर्यंत सोडलं. वाटभर मेधा एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर मात्र बोलली.

"शिरीष, तुला अजून एकच चान्स. पुढच्या सीझनला ट्रेलचा पूर्ण राउंड मारून, कुणालाही रस्ता न विचारता, तीनच्या आत परत यायचं. नाही जमलं तर मशीन विकायचं. विषय संपला."

"अगं, पण..."

"डॅड, शी इज सिरियस," सई म्हणाली.

म्हणून मी जीपीएस घ्यायचं ठरवलं. आता माझा स्वभाव असा, की लग्नाआधी मेधाला मी पंचवीस मिनिटं पाहिलं होतं, पण जीपीएस दोन महिने पाहिले! एक्सेलमध्ये एकतीस कॉलम केले. उन्हात स्क्रीन दिसतो का, थंडीत बॅटरी टिकते का, हातमोजे घालून बटणं दाबता येतात का. हे शेवटचं तपासायला मी जाडजूड हातमोजे चढवून दुकानात गेलो. सप्टेंबरात! सेल्समनने माझ्याकडे पाहिलं आणि मॅनेजरला हाक मारली. शेवटी एक मॉडेल पसंत पडलं, कारण त्यात आतमध्येच होकायंत्र होतं. गाडी पळत असताना हा जीपीएस उपग्रहांवरून दिशा काढायचा आणि गाडी थांबली की होकायंत्रावरून. मी तर फिदाच झालो.

मग त्याची थंडीतली परीक्षा. दुसऱ्या दिवशी किचनमधून आवाज आला, "शिरीष! फ्रीझरमध्ये मटार आणि खवलेल्या नारळाच्या मधे हे काय चमकतंय?"

"टेस्टिंग चालू आहे. दार लाव ना, टेम्परेचर बदलतंय!"

दार इतक्या जोरात लागलं की टेस्टिंग तिथेच संपलं.

राहता राहिला तो मशीनवर बसवायचा प्रश्न. सक्शन कप लावला, तो गॅरेजच्या थंडीतच गळून पडला. डबल टेप लावली, ती इंजिनाच्या थरथरीने सुटली. तयार ब्रॅकेट मागवलं, तर ते यायला दहा दिवस, आणि आम्ही निघणार परवा. माझा जीव नुसता वर-खाली! गॅरेजमधून घरात, घरातून गॅरेजमध्ये अशा माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. अकराव्या फेरीत मला ओट्यावर उलथणं दिसलं. सपाट पातं, लांब दांडा. देवाने ब्रॅकेटच पाठवलं की! दांडा वाकवून हँडलबारला क्लॅम्पने आवळला, पात्यावर जीपीएस बसवला. हलून दाखव म्हणावं! त्या संध्याकाळी मेधाने थालीपीठं प्लास्टिकच्या उलथण्याने उलटली. थालीपीठं मोडली, उलथण्याचं टोक वितळलं, आणि मी निमूटपणे सगळं खाल्लं.

पंच म्हणून सोबत येणार होते माझे सासरे, अण्णा. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची पस्तीस वर्षं गेलेली. गॅरेजमध्ये येऊन ते म्हणाले, "शिरीषराव, नवं यंत्र आहे. एक नारळ फोडू या का?"

झालं! मी त्यांना वीस मिनिटं लेक्चर दिलं. "अण्णा, वर चोवीस उपग्रह फिरतायत. शुद्ध गणित आहे हे. इथे नारळाचं काय काम?"

"बरं," अण्णा म्हणाले आणि आत जाऊन चहा प्यायले.

शनिवारी सकाळी कॅस्केड्सच्या डोंगरातल्या पार्किंगला पोहोचलो. मेधा आणि सई तिथल्या कॅफेत थांबणार होत्या. समोर पांढराशुभ्र डोंगर, घड्याळात अकरा. आज चुकलो तर मशीन गेलं! मेधा माझ्या कंपनीचं निळं जॅकेट चढवलेल्या अण्णांच्या डोक्यात माकडटोपीवरून हेल्मेट बसवत होती. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी हळूच कारच्या डॅशबोर्डवरचा गणपती काढला. छोटासा, बुडाला लोहचुंबक असलेला. तो उलथण्याच्या पात्याला मागून लावला. टक्क! असा चिकटला, की बस! चोवीस उपग्रहांवर आणखी एक आपला माणूस असलेला बरा, नाही का?

"तीन वाजता," मेधा घड्याळ दाखवत म्हणाली.

"अडीचलाच येतो!" मी म्हणालो. (माणसाने असं बोलू नये.)

पहिला तास झकास गेला. पळत्या मशीनवर बाण बरोबर पुढे दाखवत होता. मी मागे ओरडून सांगायचो, "बघितलंत अण्णा? गणित!" मग आला पहिला फाटा. तीन वाटा. मी मशीन थांबवून पाहिलं, बाण म्हणाला डावीकडे. मी हळूच डावीकडे वळवलं. बाण म्हणाला, अजून डावीकडे. वळवलं. अजून डावीकडे. असं करत करत आम्ही पुन्हा जिथे होतो तिथेच आलो, आणि बाण शांतपणे डावीकडेच!

"सेटल होतोय तो," मी म्हणालो आणि दुसरा गोल मारला. मग तिसरा.

"शिरीषराव," मागून अण्णांचा आवाज आला, "एकूण किती प्रदक्षिणा घालायच्या म्हणता?"

मी चिडून मधली वाट धरली आणि मशीन सोडलं. वेग घेतल्याबरोबर बाण गर्रकन फिरला आणि मागे दाखवायला लागला. म्हणजे वाट चुकली! थांबलो, तर पुन्हा डावीकडे. निघालो, तर मागे. थांबलो, डावीकडे. तासभर आमचा हाच खेळ. दीड वाजला. माझ्या हेल्मेटच्या काचेवर आतून धुकं जमलं, बाहेरून बर्फ. तेवढ्यात समोरून चार मशीन्स आली. पुढचा दाढीवाला थांबला. "यू गाइज ओके?"

तोंडापर्यंत आलं होतं की, बाबा रे, पार्किंग कुठे आहे सांग. पण विचारलं की मशीन गेलं! "ओ येस! एन्जॉइंग!" मी अंगठा दाखवला आणि त्याच्यासमोर सातवा गोल मारला. दाढीवाला अण्णांकडे जरा कीव आल्यासारखं बघून निघून गेला.

"अहो, विचारायचं होतं की! तोंड झिजतं का?"

"अण्णा, तुमच्या मुलीची अट आहे!" माझा आवाज चिरकला. "हे मशीन गेलं तर मी काय करू? सोमवार ते शुक्रवार कशाच्या जोरावर काढू?"

अण्णा खाली उतरले, गुडघाभर बर्फातून चालत पुढे आले आणि चष्मा पुसून जीपीएसकडे वाकले.

"हे आमच्या घरचं उलथणं. मेधाच्या आईने दिलेलं."

"हो... म्हणजे तात्पुरतं..."

"आणि हा?" त्यांनी पात्यामागे बोट घातलं. "हा कधी आला?"

त्या थंडीत मला घाम फुटला.

"नारळाचं काय काम म्हणाला होतात ना? शुद्ध गणित?"

"सकाळी जरा... धीर सुटला, अण्णा."

अण्णांनी गणपतीला नमस्कार केला, चुंबकासकट ओढून काढला आणि स्वतःच्या आतल्या खिशात ठेवला. बाण झोपेतून उठल्यासारखा सरसरत फिरला. "होकायंत्राजवळ चुंबक! पहिला धडा आहे हा आमच्यात. नुसत्या किल्ल्या जवळ आणल्या म्हणून एका शिपायाला मी दिवसभर उन्हात उभा केला होता. तुम्हाला कुठे उभं करू, सांगा!"

मग त्यांनी जीपीएसही सोडवून हातात घेतला. "पात्यात लोखंड आहे. हा माझ्याकडेच बरा. मी खांदा दाबेन त्या बाजूला वळायचं."

तरी मी एका वळणावर शहाणपणा केलाच. अण्णांनी उजवा खांदा दाबला. मला डावीकडची वाट जास्त ओळखीची वाटली. दहा सेकंदांत मशीन भुसभुशीत बर्फात नाकापर्यंत रुतलं. वीस मिनिटं आम्ही दोघं बर्फ उपसत होतो. दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

अण्णांनी हातमोजे झटकले. "उतरा."

"अण्णा, तुम्हाला चालवता येत नाही!"

"मोजणीला पंधरा वर्षं राजदूत फटफटी चालवली मी, शेताच्या बांधांवरून. मागे बसा."

तीनला चार मिनिटं कमी असताना पार्किंगमध्ये मशीन आलं. पुढे माकडटोपीतले अण्णा, मागे त्यांच्या कमरेला घट्ट मिठी मारून मी. सई किंचाळली, "ओ माय गॉड, आजोबा इज ड्रायव्हिंग!"

मेधाने आधी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, याने कुणाला रस्ता विचारला का?"

"नाही. लोकांनी आपणहून विचारलं, तरी नाही म्हणाले."

"मग याने बरोबर आणलं का?"

अण्णांनी खिसा चाचपला. मी डोळ्यांनी गयावया केली. "तीनच्या आत आलो ना? अट पाळली. मशीन राहू दे, पोरी."

मला अण्णांच्या पायाच पडावंसं वाटलं. मेधा हसली. "राहू दे. पण चालवणार बाबा."

मशीन वाचलं! अण्णांचा व्हिसा एप्रिलपर्यंत होता. त्या सीझनला आम्ही आणखी सहा शनिवार गेलो, आणि नागपुरात अजूनही अण्णा ज्याला त्याला सांगतात, की कॅस्केड्ससारखे डोंगर जगात नाहीत. असतील. मी ते सहा शनिवार मागे बसून पाहिलेत. माझ्या माहितीप्रमाणे कॅस्केड्स निळ्या पॉलिएस्टरचे आहेत, अडतीस इंच रुंद आहेत, आणि त्यांच्यावर माझ्याच कंपनीचा लोगो आहे.