कोरसमधली ताई

माझ्या ताईचं गाणं तुम्ही ऐकलं आहे, एवढं मी खात्रीनं सांगतो. मसाल्याची जाहिरात, मालिकेचं शीर्षकगीत, एखाद्या सिनेमातल्या लग्नाच्या गाण्यातला बायकांचा घोळका, त्यात कुठेतरी ती आहे. आता त्यातली ती कोणती, हे मात्र विचारू नका. मी सख्खा भाऊ, पण मलाही ओळखता येतं ते तिनं आधी सांगून ठेवलं असेल तरच.

आमचं घर हडपसरचं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कारखान्यात नोकरी करत आणि सुट्टीला गायन पार्टी घेऊन वस्त्यावस्त्यांतून फिरत. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, तर ते घरी फक्त कपडे बदलायला येत. पार्टीत पेटीवर आमचे चुलते, कोरसला आई आणि ताई. माझ्या हातात मंजिऱ्या दिल्या होत्या, कारण माझा गळा एकदा ऐकून अण्णांनी "तू आपलं हातानं कायतरी कर" असं स्वच्छ सांगितलं होतं. अण्णांचा एक कायदा होता. कोरसनं मुख्य गायकाच्या एक पाऊल मागे, डाव्या बाजूला उभं राहायचं आणि त्याच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा नाही. ताई फ्रॉक घालायची तेव्हापासून तिथे उभी राहत आली.

पुढे तोच तिचा पोटापाण्याचा धंदा झाला. स्टुडिओत गेली की बांगड्या काढून पर्समध्ये टाकते, शब्द उतरवून घेते, आणि संगीतकाराचं गुणगुणून होईपर्यंत चाल तिच्या गळ्यात बसलेली असते. मोठ्या गायिकेला गाणं कळावं म्हणून ताई ते आधी गाऊन ठेवते. मोठी येते, गाते, आणि ताईचं पुसलं जातं. एका नटीला स्वतः गायची हौस होती. तिच्या आवाजाखाली ताईनं तेच गाणं असं गायलं, की नटीचे सूर सावरले आणि आपण काय सुरेख गातो असं नटीलाही वाटलं. मी चिडायचो. म्हणायचो, "यात तुझं नाव कुठाय?" ताई शांतपणे म्हणायची, "गाणं उभं राहिलं ना? मग झालं." ती कधी कुणाबद्दल वाईट बोलली नाही. तिच्या वाटणीचं मी बोलून घेतो.

गेल्या वर्षी अण्णांच्या गळ्यात गाठ निघाली. जिवाला धोका नाही, पण ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी जन्मभर स्वतः रचलेली गाणी गायली, पण त्यातलं एकही रेकॉर्ड झालेलं नव्हतं. कॅसेटच्या दिवसांत 'बघू पुढच्या वर्षी' म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. ताईनं स्वारगेटजवळच्या एका ओळखीच्या स्टुडिओत सकाळची वेळ घेतली. ऑपरेशनच्या आधी एक तरी गाणं अण्णांच्या आवाजात घरात राहावं, एवढंच आम्हाला हवं होतं.

अण्णा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून काचेपलीकडच्या खोलीत उभे राहिले. हेडफोनमध्ये वाद्यं सुरू झाली, त्यांनी पहिली ओळ घेतली आणि थांबले. वाद्यं पुढे निघून गेली. दुसऱ्यांदाही तेच झालं. रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला, "काका शब्द विसरतायत का? समोर कागद लावू?"

"विसरले नाहीत," ताई म्हणाली. "कोरस ओळ उचलेल म्हणून थांबलेत."

ती उठली, बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, आत गेली आणि दुसरा माईक ओढून अण्णांच्या एक पाऊल मागे, डाव्या बाजूला उभी राहिली. अण्णांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी ओळ घेतली, ताईनं ती उचलली आणि गाणं चालू लागलं. अंतऱ्यात एक उंच जागा आहे. तिथे अण्णांचा आवाज फाटू लागला, तशी ताई खालून आली आणि सूर लागला. कुणाचा लागला, ते मला कळलं नाही. डोळे भरून आले होते, हेही एक कारण असेल. पण इतकं अलगद कुणी कुणाला धरलेलं मी पाहिलेलं नाही.

गाणं संपल्यावर अण्णा बाहेर येऊन आमच्या शेजारी बसले. ताई आतच हेडफोनच्या वायरी गुंडाळत होती. रेकॉर्डिस्टनं गाणं ऐकवलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. अंतरा आला तसे म्हणाले, "थांबा. हिचा आवाज वर घ्या."

"काका, मेन आवाज तुमचा आहे. कोरस मागेच ठेवतात."

"कोण कोरस? वरचा सूर तिनं लावलाय. मी नुसतं तोंड उघडलं व्हतं. मला खाली घ्या."

रेकॉर्डिस्ट माझ्याकडे बघायला लागला. ज्या आवाजासाठी आम्ही एवढी धावपळ केली, तोच आवाज हा माणूस कमी करायला सांगत होता. मी आत जाऊन ताईला सांगितलं.

"अरे, बॅलन्स बिघडेल ना," ती म्हणाली, आणि वायर हातात तशीच धरून खाली बसून रडायला लागली.