दोराला पेलतील एवढे मामा

क्रेनमामा जमिनीवर असले की चारचौघांतले एक. पण एकदा शिडी चढून क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसले, की खाली अख्ख्या साइटवर त्यांच्याशिवाय पान हलत नसे. लोखंडी सळ्या, काँक्रीटची बादली, काचांच्या पेट्या, सगळं त्यांच्या हातातल्या दोन दांड्यांच्या तालावर हवेतून फिरायचं आणि हवं तिथे अलगद टेकायचं. आता आयुष्यभर बसून काम करणाऱ्या माणसाचं पोट पुढे येणारच. मामांचं जरा जास्तच आलं होतं, पण ते मान्य करायला मामा तयार नव्हते.

मग कंपनीने नवा दोर आणला. वर क्रेन चालवणाऱ्याला भोवळबिवळ आली, तर त्याला पट्ट्यांत बांधून दोराने खाली सोडायचं, अशी ती सोय. दोराला बुटांसकट शंभर किलो पेलत होते, त्याहून जास्त नाही. सेफ्टीसाहेबांनी मामांना काट्यावर उभं केलं, तर काटा शंभर ओलांडून पुढे गेला तो थांबायचं नाव घेईना.

“नियम लागू व्हायला अजून अवकाश आहे,” साहेब म्हणाले. “तोवर उतरवा वजन. नाहीतर गेटवर बसा, गाड्यांना पास द्यायला माणूस हवाच आहे.”

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या माणसाने घारींच्या बरोबरीने बसून डबा खाल्ला, त्याने गेटवर शिक्के मारायचे!

घरी मामींना ही बातमी मात्र गोड लागली. मामी लाँड्रीत इस्त्रीचं काम करायच्या आणि बोलायच्याही कडक इस्त्रीचं. “गेट काय वाईट आहे?” त्या म्हणाल्या. “सावली आहे, पंखा आहे. आणि माझ्या जिवाला रोजचा घोर नाही.”

मामांना याचा असा राग आला, की ते आहारतज्ज्ञ बाईंकडे मामींना न सांगता एकटेच गेले. बाईंनी विचारलं, “कशाची अ‍ॅलर्जी?” मामांच्या हिशेबी अ‍ॅलर्जी म्हणजे अंगावर पुरळ आणि लाल नाक. त्यांना तसलं काही होत नव्हतं. “कशाचीही नाही,” ते छातीठोकपणे म्हणाले. बाईंनी कागद छापून हातात ठेवला. सकाळी बिनसायीचं दही, दुपारी कमी चरबीचं चीज, मधे ताक, संध्याकाळी दुधात घुसळलेली प्रोटीनची पूड.

इथे सांगायला हवं, की मामांना दूध लहानपणापासून पचत नव्हतं. घोटभर दूध पोटात गेलं, की आत वरात निघायची. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मामांचं तर दुधाने पोट पोळलेलं, पण त्यांनी ताकसुद्धा न फुंकता प्यायचं ठरवलं. तिथल्या तिथे बाईंना सांगता आलं असतं. पण एवढ्या धिप्पाड देहाने वाटीभर दह्यापुढे हात टेकायचे, याची त्यांना लाज वाटली. भीड भिकेची बहीण, दुसरं काय! वर त्यांनी स्वतःची समजूत घातली, की चरबी काढलीय म्हणजे त्रास देणारं जे काय असेल तेही तिच्याबरोबर गेलं असेल. ते गेलेलं नव्हतं. त्यांना न पचणारी होती ती दुधातली साखर, आणि ती त्या बिनसायीच्या दह्यात मजेत बसून होती.

दह्याचा डबा मामा साइटवर लपवून खायचे. पोट गुरगुरायला लागलं, की त्यांना वाटायचं चरबी वितळतेय. औषध कडू असणारच, म्हणून ते सोसत राहिले.

एका दुपारी क्रेनला काचांची पेटी लटकत होती आणि मामांच्या पोटात दही, चीज आणि ताक एकत्र नांदत होती. वॉकीटॉकी मांडीवर होती. पोटाचा भार बोलायच्या बटणावर पडला आणि आतला सगळा कारभार खाली ऐकू जायला लागला. खाली उभं राहून खुणा करणारा पोरगेलासा गडी होता, त्याला सगळे शिट्टी म्हणत. त्याने कान लावला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“गिअर घासतोय!” तो ओरडला. “लांब व्हा सगळे! मिस्त्रीला वर पाठवा!”

मामांनी घाम पुसत पेटी कशीबशी अलगद टेकवली, क्रेन बंद केली आणि शिडीकडे धाव घेतली. वर शौचालय नसतं, हे सांगायला नको. अर्ध्या वाटेत हत्यारांची पिशवी घेऊन मिस्त्री चढत होता. शिडीवर एकाच माणसापुरती जागा.

“मामा, आवाज कुठून येतोय?”

“माझ्यातून!” मामा किंचाळले. “खाली हो, बाबा, आधी खाली हो!”

हसून हसून साइटची मुरकुंडी वळली, पण सेफ्टीसाहेब हसले नाहीत. आजारी माणसाला वर पाठवता येणार नाही, पोट ठीक करून या, म्हणाले. मामा त्या संध्याकाळी घरी आले ते पडक्या चेहऱ्याने, आणि त्यांनी तो कागद मुकाट्याने मामींपुढे ठेवला.

मामी वाचता वाचता डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, आणि मग भडकल्या. “दूध पचत नाही हे सांगायला जीभ झडली होती का तुमची?” दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना दंडाला धरून बाईंकडे नेलं आणि सगळं स्वतःच सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, एवढं सांगायचं ना! दुधाशिवाय वजन उतरत नाही असं कुठं आहे?” नवा कागद आला. अंडी, मासे, डाळी, हिरव्या भाज्या, हाडांसाठी मूठभर तीळ, कॉफी काळी.

मग मामींच्या अंगात गुप्तहेर संचारला. दुकानात त्या भिंग घेऊन पाकिटं वाचायच्या. बिस्किटांत दुधाची पूड, सूपच्या पाकिटात दुधाची पूड, एवढंच काय, ब्रेडमध्येही! “चोर आहेत मेले,” म्हणत त्या पाकीट परत फळीवर आपटायच्या. पोट शांत झालं तसे मामा संध्याकाळी चालायलाही लागले. पहिल्यांदा सोबतीला मामी जायच्या, मग मामाच मामींना मागे टाकायला लागले.

वजनाच्या दिवशी काटा शंभराच्या जरासा अलीकडे थांबला. शिट्टीने टोपी हवेत उडवली. पण साहेबांचं समाधान एवढ्यावर होत नव्हतं. नियमाप्रमाणे मामांना एकदा दोराने सोडून बघायचं होतं.

मामी लाँड्रीतून सुट्टी काढून आल्या, डोक्यावर हेल्मेट घालून शिट्टीशेजारी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या क्रेनकडे कधी मान वर करून बघितलंच नव्हतं, धीरच झाला नव्हता. आज तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. वरून मामा पट्ट्यांत लोंबकळत, हळूहळू गिरकी घेत खाली आले आणि त्यांचे बूट जमिनीला टेकले.

“तुला तर मी गेटवरच हवा होतो,” श्वास सावरत मामांनी विचारलं. “मग त्या बाईंना सांगितलंस कशाला? गप्प बसली असतीस, तर मी आपसूक खाली आलो असतो.”

“आला असतात हो,” मामी म्हणाल्या. “आणि जन्मभर गेटवर बसून वर बघत राहिला असतात. तसला नवरा घेऊन मी काय करू?”

मामांचे डोळे भरून आले. मामींनी तो दोर हातात धरला, चांगला दोनदा हिसडून बघितला आणि शिट्टीकडे वळल्या.

“पक्का आहे ना रे?”

“पक्का आहे, मामी.”

“मग जा उद्या वर,” त्या मामांना म्हणाल्या, आणि मगच त्यांनी दोर सोडला.