भोईर सर आणि मागे राहिलेले देश

भोईर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी टोकावड्याच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत होतो. त्याला आता दीड महिना झाला... शोकसभेत एका पुढाऱ्याने त्यांना ‘गोरगरिबांचे कैवारी’ म्हटलं. सर असते तर उठून गेले असते. असल्या गोड बोलण्याची त्यांना शिसारी होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

मुरबाडच्या कॉलेजात ते आम्हाला अर्थशास्त्र शिकवत. काही देश पुढे का जातात, काही मागे का राहतात, यावर बोलायला एकदा परदेशात शिकलेले एक विद्वान आले. उष्ण हवा, आळशी स्वभाव, शिस्तीचा अभाव... पडद्यावर कारणांची रांग लागली. सर पुढच्या खुर्चीत उघड जांभया देत होते. व्याख्यान संपताच ते पाहुण्यांच्याच गाडीत बसले, मलाही बसवलं आणि उंबरमाळीजवळच्या कातकरी वाडीवर नेलं.

तिथे जनीबाई भेटल्या. “तुमची प्रगती का होत नाही, काय वाटतं?” विद्वानांनी विचारलं.

“पोरीला वसतिगृहात घालायचीय. जातीचा दाखला पायजे. आठ खेपा झाल्या, साहेब जाग्यावर नाय.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “तुमी पायलेल्या देशात साहेब जाग्यावर असतो का?”

“असतो.”

“मंग तिथं मानूस आळशी असला तरी चालत असंल.”

परतताना विद्वान म्हणाले, “यांच्यात जागृतीच कमी आहे.” सरांनी गाडी थांबवायला लावली. “हे शिकायला परदेशी गेला होतात?” एवढंच बोलून ते उतरले. मीही उतरलो. आम्ही चालत निघालो.

दुसऱ्या दिवशी सर जनीबाईंबरोबर कचेरीत गेले. कारकून म्हणाला, “उद्या या.” सर बाकावरच बसले. तीन दिवस बसले, तेव्हा सही झाली. आम्ही वर्गात कौतुक केलं तर भडकले. “मी बसलो म्हणून सही झाली, याची लाज वाटते मला. तोंड पाहून जिथे सही होते, तो देश मागेच राहणार. लिहून घ्या.”

जनीबाईंची ती मुलगी आज शहापुरात नर्स आहे. शोकसभेत ती मागे उभी होती. तिला बोलायला कुणी बोलावलं नाही.

परवा सरांच्या घरी गेलो. सकाळी दहापर्यंत ओटीवर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, हा सरांचा नेम. ओटीवर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या, चौथी शिकलेल्या. समोर वाडीवरची एक बाई. काकूंनी सरांचा चष्मा चढवला, नाकावरून घसरणारा, आणि म्हणाल्या, “नाव सांग गो. सावकाश सांग, मला भरभर लिवता नाय येत.”