जपानी बायकांची प्रश्नावली

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजानंच देते, आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं चिखलात पाय ओढावेत तसं. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणी वाचलंच तर तेवढं पोटात घालावं.

नवरा गेल्यावर धाकट्या दिरानं मला अमेरिकेला नेलं, पिस्कॅटवेला. जाऊ नोकरी करायची, मुलं लहान होती. जाण्यायेण्याचं तिकीट त्यांनी काढलं होतं. ते पैसे फिटले की मी परत जायचं, असं ठरलं होतं. माझी मुलगी सांगलीला भावाकडे होती, आणि सातवी झाली की तिची शाळा बंद, असं भावजयीनं सांगून टाकलं होतं. तिच्या परीक्षेआधी मला पोहोचायचं होतं. पण घरातल्या माणसाला घरकामाचा पगार कोण देतो? उलट थंडीचा कोट घेतला तेव्हा जाऊ म्हणाली, "वहिनी, हा तिकिटातच मिळवते हं. हिशेब क्लिअर असलेला बरा."

ती युनिव्हर्सिटीत मानसशास्त्राच्या एका प्रोफेसरांकडे काम करायची. त्यांनी एक प्रश्नावली तयार केली होती. राहतो त्या वस्तीत माणसाला आपलेपणा वाटतो की नाही, ते मोजायची. एकेक वाक्य, आणि त्याच्यापुढे एक ते पाच आकडे. अजिबात पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच. तेव्हा जपानी कंपन्यांनी पाठवलेली बरीच कुटुंबं आमच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आली होती, म्हणून ही प्रश्नावली जपानीत करायची होती. खालच्या मजल्यावरच्या एका बाईनं भाषांतर केलं. मग दुसऱ्याच कुणीतरी मूळ न बघता ते परत इंग्रजीत आणलं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून अर्थ कुठे सांडला ते बघितलं. जाऊ जेवताना दिराला हे सगळं सांगायची, म्हणून मला ठाऊक. पुढचं काम म्हणजे जपानी बायकांना बसवून विचारायचं, या वाक्यातून तुम्हाला काय कळलं, कुठे खटकलं.

त्या बैठका आमच्याच टेबलाशी झाल्या. बायकांची बाळं मी आतल्या खोलीत सांभाळायची, पुढे एरवीही त्या ती माझ्याकडे ठेवून जायच्या. भाषांतर करणारी बाई सगळ्यांचे डॉलर गोळा करून, पाकिटात घालून, दोन्ही हातांनी मला द्यायची. दार लागलं की जाऊ हात पुढे करायची. तिकिटात धरते म्हणायची, आणि धरायचीही. पैशात तिनं मला कधी फसवलं नाही.

एका शनिवारी आमच्याकडे मराठी मंडळी जेवायला होती. जाऊ प्रश्नावलीचं सांगत होती. मी पोळ्या घेऊन आले तर म्हणाली, "थांबा, वहिनींवरच टेस्ट करू या. वहिनी, फक्त नंबर सांगायचा, एक ते पाच."

"तव्यावर पोळी आहे," मी म्हटलं.

"राहू द्या हो. ऐका. माझ्या वस्तीतले बहुतेक लोक मला ओळखतात."

सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यात कमी डोळ्यांवर येईल असा आकडा मी सांगितला. "तीन."

"मन मोकळं करायला मला इथे माणूस आहे."

"तीन."

"अरे यार, ह्या तर जपानीच निघाल्या! त्या बायकाही सगळीकडे तीनच लिहितात. बरं, शेवटचं. मी इथून गेले तर इथल्या लोकांना माझी उणीव भासेल."

मी तोंड उघडायच्या आत एक डॉक्टर म्हणाले, "भासेल ना! पोळ्या संपल्या की लगेच भासेल. पाच लिहा, पाच!"

सगळ्यात मोठ्यानं दीर हसला. तव्यावरची पोळी करपली होती. ती मी खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात जाऊ चेहरा पाडून घरी आली. बैठकांचे कागद प्रोफेसरांनी परत केले होते. कुठल्याच बाईला कुठलंच वाक्य खटकलं नव्हतं, सगळ्यांना सगळं फार छान वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, की भाषांतर करणारी त्या वेळी कुठे होती? ती टेबलाशीच बसलेली होती. जावेनंच बसवली होती, चहा द्यायला आणि अडलं तर सांगायला. जिनं लिहिलं तिच्या तोंडावर तिच्या शेजारणी चूक कशी काढणार? आमच्याकडे पाहुणे जेवता जेवता भाजीत मीठ कमी म्हणतात, तेव्हा जावेच्या हे डोक्यातच आलं नाही.

"तिनं मला तेव्हाच सांगायला नको?" ती दिराला म्हणाली. "गोड गोड हसत बसली. आता निस्तरू दे तिलाच."

तिनं त्या बाईला घरोघर जाऊन चुका लिहून आणायला सांगितलं. ज्या चुकीनं काम बुडालं तीच पुन्हा, आणि या वेळी मुद्दाम. त्या बाईनं मान खाली घातली. मग कागद घेतले.

तिच्या बाळाची गाडी ढकलत मी तिच्याबरोबर फिरले. भाषा मला कळत नव्हती, पण कळायला फार काही नव्हतंही. दार उघडलं की दोघी वाकायच्या. ती कागद पुढे करायची. समोरची हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून हात हलवायची. ही पुन्हा वाकून मागायची. शेवटी एकीनं पेन घेऊन एका वाक्याखाली रेघ मारली, आणि मारल्यावर तिचाच चेहरा लाल झाला. रेघ मारणारीलाही लाज, मारून घेणारीलाही. त्या दिवशी आम्ही एकही दार सोडलं नाही.

जावेला पुरेशा रेघा मिळाल्या. प्रोफेसर खूश झाले.

दर शुक्रवारी त्या बायका एका गाडीतून बाजाराला जायच्या. भाषांतर करणाऱ्या बाईला गाडी चालवता येत नव्हती, ती मागच्या सीटवर मधे बसायची. त्या रेघांनंतरच्या शुक्रवारी ती बाळाला घेऊन खाली उभी राहिली, आणि गाडी दुसऱ्या दारानं निघून गेली. पुढच्या शुक्रवारीही ती उभी होती. मी हे खिडकीतून बघितलं. जावेला सांगितलं तर म्हणाली, "कल्चरल आहे ते. आपण नाही पडायचं त्यात."

मीही तिच्याबरोबर दारोदार फिरले होते, म्हणून बाकीच्यांनी आपली बाळं माझ्याकडे ठेवणं बंद केलं. माझे पैसे थांबणार असं वाटलं, पण झालं उलटंच. तिला दुपारी कुणाकडे जायला उरलं नव्हतं. ती बाळ माझ्याकडे सोडायची आणि एकटी रस्त्याच्या कडेनं चालत सुटायची. आधी कधीमधी, मग रोज. परत यायची तेव्हा डोळे सुजलेले असायचे, आणि पाकीट दोन्ही हातांत. ती जितकी एकटी पडली तितकं माझं तिकीट भराभर फिटत गेलं. मला तिची दया यायची, आणि तिनं उद्याही यावं असं वाटायचं.

मग एका दुपारी खाली बघितलं तर दोघीतिघी तिच्याभोवती उभ्या होत्या, हसत होत्या. मनात आलं, बोलायला लागल्या वाटतं. आता ही कशाला बाळ आणून सोडेल? तेवढ्यात एकीनं वाकून कपडे धुवायच्या खोलीकडे बोट दाखवलं. हिचे कपडे मशीनमध्ये राहिले होते, त्यांना मशीन हवं होतं. ही धावत गेली, त्या आपल्या वाटेनं गेल्या. मला हायसं वाटलं.

थंडी सरायच्या सुमाराला, मुलीच्या परीक्षेआधीच, तिनं दिलेलं एक पाकीट मी नेहमीसारखं जावेपुढे ठेवलं. तिनं पैसे मोजले, पुन्हा मोजले, कपाटातून तिकीट काढून टेबलावर ठेवलं.

"झालं वहिनी," ती म्हणाली. "सगळे फिटले."