नवव्या मुलाचा कागद

पाळणाघरात मुलं नऊ आणि सह्या झालेले कागद आठ. १९९६च्या त्या उन्हाळ्यात ही गोष्ट मला रोज टोचायची, पण मुक्ताबाईंना मी एकदाच काय ते सांगितलं आणि सोडून दिलं. सोडायला नको होतं.

कुपवाडला आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत त्यांचं पाळणाघर. बारा वर्षं एका बालवाडीत मदतनीस होत्या. ती बंद पडल्यावर त्यांनी स्वतःचं सुरू केलं. कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायका सकाळी आठला पोरं सोडायच्या. मुक्ताबाई प्रत्येकाला दारातच न्याहाळायच्या. डोळे, नाक, गुडघ्यावरचे ओरखडे. मगच आत.

फेब्रुवारीत सांगलीतल्या दुसऱ्या एका पाळणाघरात एक मूल उकळत्या पाण्यानं भाजलं. ते चालवणारी बाई घर सोडून गेली, कुठं ते कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईंनी स्टोव्ह मागच्या पडवीत नेला आणि माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "वैनी, इम्याचं बगा की काईतरी."

विमा एजंट नानासो पॉलिसी घेऊन आले. "आवं मुक्ताक्का, वीस वर्सांनी रक्कम हातात! म्हातारपणी सुनंच्या तोंडाकडं बगायला नगं."

मी कागद वाचला. "मुक्ताबाईंचं काही बरंवाईट झालं तर पैसे मिळतील. मुलाला काही झालं तर नाही."

"म्हंजी मी मराय पायजे, तवा ह्येचा उपेग?" मुक्ताबाई म्हणाल्या. नानासोसुद्धा हसले आणि चहा पिऊन गेले.

मग आम्ही दोघी सिटी बसनं सांगलीला एका विमा कचेरीत गेलो. आपल्या हातून दुसऱ्याच्या जिवाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा तिथं होता. पाळणाघर कशात बसवायचं हे कारकुनाला ठरवता येईना. बराच वेळ फाइली चाळून तो म्हणाला, "प्रत्येक मुलाच्या पालकांचा करार जोडा. ज्याचा करार नसेल, ते मूल विम्यात नाही."

करार मी लिहिला. मुलाला न्यायला कोण येणार, ताप असला तर काय करायचं, असं सगळं. पाचवं कलम मुक्ताबाईंनीच सांगितलं: अपघात झाला आणि पालक सापडले नाहीत, तर मुक्ताबाईंनी मुलाला दवाखान्यात न्यावं आणि लागेल ती सही करावी.

आठ आयांनी सह्या केल्या. नववी राजनंदिनी, चार वर्षांच्या साईराजची आई. तिनं पेन घेतलं आणि थांबली, कारण मागे तिची सासू राहीबाई उभी होती. राहीबाईंचा मुलगा, साईराजचा बाप, फौजेत होता, सीमेवर.

"काय लिवलंय?" राहीबाईंनी विचारलं. मी पाचवं कलम वाचलं.

"माजं लेकरू तिकडं बंदुकीफुडं उबं हाय, आन् तुमी त्येच्या पोराच्या नावाफुडं अपघात लिवताय व्हय? पुसा ते."

"आवं मावशी, लिवल्यानं काय हुतंय?" मुक्ताबाई म्हणाल्या. "आमी बौद्ध मानसं, आमी असलं मानत न्हाई."

"तुमी मानू नगासा. आमच्या गल्लीत तारवाला दिसला तरी मी दार लावून घेती."

कलम पुसलं तर विमा कचेरी करार घेणार नव्हती. कागद तसाच राहिला. मी म्हटलं, "सही होईपर्यंत साईराजला घेऊ नका."

"मग पोरीनं कामावर कसं जायाचं वो?" एवढंच त्या बोलल्या.

त्यानंतर त्या त्याला नजरेआड होऊ देईनात. "ह्यो माजा बिनकागदाचा," म्हणत गालावरून हात फिरवायच्या. मला ती थट्टा सोसवत नसे.

एप्रिलमध्ये एका दुपारी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू खाता खाता साईराज खदखदून हसला आणि त्याला ठसका लागला. ठसका थांबला, पण श्वासातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ओठ निळे पडले. माझ्या सासूबाईंना बाकीच्या मुलांपाशी बसवून आम्ही रिक्षानं मिरजेच्या एका दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, "दाणा श्वासनलिकेत आहे. भूल देऊन काढावा लागेल. आईवडिलांची सही हवी, आणि लगेच."

मी राजनंदिनीच्या कारखान्यात फोन लावला. "पाळी सुटल्याशिवाय निरोप देत नाही," म्हणून कुणीतरी ठेवून दिला. पुन्हा लावला, तर उचललाच नाही.

मुक्ताबाईंनी फॉर्म पुढ्यात ओढला. नाव लिहिलं. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात लिहिलं, आत्या.

मी ते पाहिलं. सगळ्यांचे कागद वाचून देणारी मी; मीच तो फॉर्म डॉक्टरांकडे सरकवला.

दाणा निघाला, पण त्याचे तुकडे झाले होते. साईराज डोळे उघडेना. पाळी सुटल्यावर निरोप मिळाला तशा राजनंदिनी आणि राहीबाई धापा टाकत आल्या. राजनंदिनी काचेच्या दाराला चिकटून उभी राहिली. राहीबाईंनी मला विचारलं, "कुनाच्या सहीनं केलं?"

मी खरं ते सांगितलं, 'आत्या' लिहिल्याचंही.

"त्येला आत्या न्हाई," त्या म्हणाल्या. "मला त्यो येकच ल्योक हाय."

तेवढ्यात नर्स बाहेर आली. "एक तुकडा अजून आत आहे. परत भूल द्यावी लागेल. सही कोण करतंय?"

राजनंदिनीनं हात पुढं केला. राहीबाईंनी तिचं मनगट धरलं. "तू न्हाई. त्येचा बाप तिकडं हाय, तुज्या हातानं असलं काई लिवायचं न्हाई." मग मुक्ताबाईंकडं वळल्या. "आत्या झालीयास न्हवं? कर. फुडं जे हुईल ते तुज्या माथ्यावर."

"मुक्ताबाई, नका," मी हळूच म्हटलं.

त्यांनी पेन उचललं. डोळे भरल्यामुळं त्यांना अक्षरं दिसत नव्हती.

"वैनी, कुठं करायची त्येवडं दावा."

मी रकान्यावर बोट ठेवलं.