टोपलीत उरलेली भाजी

भागीरथा, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हाही पत्राचा प्रश्न नव्हता, आणि आता तर नाहीच. तरी तुझ्याशीच बोलते. दुसऱ्या कुणाला सांगितलं की ते मान हलवतात आणि चहा मागवतात.

तू आदिलाबादजवळच्या मावला गावची भाजीवाली. अर्धा एकर मळा. नवरा देवाजी पाणी धरायचा, तू टोपली घेऊन आदिलाबादच्या बाजारात बसायचीस. मी शेजारची, मराठी शाळेत विज्ञान शिकवणारी. चौऱ्याण्णवचा पावसाळा सरता सरता तू बांधावरून घसरलीस, पाय दीड महिना प्लास्टरमध्ये. प्लास्टर काढलं आणि पोटरी टम्म फुगली. नागपूरला नेलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. सहा महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, आणि मधून मधून रक्ताची तपासणी, तीही नागपूरलाच.

महिनाभरात सूज उतरली. तू खूश. "कशी इरघळवली बाई गोळीनं!"

"गोळी काही विरघळवत नाही," मी म्हणाले. "गाठ तोडायचं काम तुझं शरीरच करतं, रोज थोडं थोडं. गोळी नवी गाठ धरू देत नाही. रक्त जे जाळं विणतं तेही ढिलं राहतं, म्हणून तोडणाऱ्याला सोपं जातं."

"मंजी वरून पाणी बंद केलं का वाफ्यातलं पाणी जमीनच पिऊन घेते."

"तसंच."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं? मी गोळीच्या नावानं नारळ फोडला ना."

जानेवारीत तपासणीत रक्त घट्टच निघालं. गोळ्या चुकवतेस म्हणून मी तुला दवाखान्यातच झाडलं. तू पिशवीतून रिकामी पाकिटं काढून डॉक्टरांपुढे मांडलीस. एकही गोळी चुकलेली नव्हती. मग त्यांनी गोळी वाढवली.

एप्रिलमध्ये तुझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. देवाजीनं बोलावलं म्हणून मी आले, तर तू जेवत होतीस. ताटात भाकर आणि तिखट.

"भाजीवालीच्या घरी भाजी नाही?"

"उन्हाळ्यात उरते कुठं बाई? सारी इकून जाते. उरली त आमी खातो, नाई त तिखट. हिवाळ्यात पा ना, दोन्ही टाइम पालक आन् मेथी. हे त म्हणत, आता मले दावणीलेच बांध."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रक्ताला जाळं विणायला पालेभाजीतलं एक जीवनसत्त्व लागतं आणि गोळी त्याच्याच आड येते. हे मी शिकले होते. हिवाळ्यात बाजार पडला, उरलेला पालक तुझ्या पोटात गेला आणि गोळी कमी पडली. उन्हाळ्यात भाजी बंद, गोळी मात्र वाढलेली. म्हणजे डॉक्टर मापत होते ती बाजाराची तेजी-मंदी. तू खातेस काय, हे ना त्यांनी विचारलं ना मी. गाठ कशी तुटते यावर मात्र मी तुला अर्धा तास ऐकवलं होतं.

एसटीडी बूथवरून मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दोन दिवस गोळी बंद, मग वाढवण्याआधी होती तेवढीच. पालेभाजी रोज एक वाटी, कमी नाही, जास्त नाही. आठ दिवसांनी रक्त तपासून घ्या.

"इकायचा माल मीच खाऊ?" तू कुरकुरलीस. पण बाजारात निघण्याआधी एक जुडी बाजूला काढायला लागलीस.

आठवा दिवस गुरुवार होता. मला दहावीच्या पेपर तपासणीची ड्यूटी लागली. देवाजीनं नागपूर पाहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, पुढच्या गुरुवारी जाऊ. तू म्हणालीस, "तुमी म्हणसान तवा."

त्याआधीच, सोमवारी बाजारात बसल्या जागी तू कोसळलीस ती उठलीच नाहीस. रक्त फार पातळ होऊन डोक्यात स्राव झाला की पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली, हे कुणाला सांगता आलं नाही. रोजची ती एक वाटी तुझ्या गोळीला बरोबर बसली होती का, हे त्या तपासणीतून कळलं असतं. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. नागपूरला जायचं आपलं राहूनच गेलं.